बार्डसीच्या होडीसाठी दोन दिवस राखून ठेवा
कुणीतरी विचारलंय की नॉर्थ वेल्स पिलग्रिम्स वे, म्हणजे वेल्समधली यात्रेकरूंची पायवाट, दहा दिवसांत होईल का. होलीवेलजवळच्या बेसिंगवर्क ॲबीपासून (जुना मठ) बार्डसी बेटापर्यंत साधारण 210 किमी, पाय चालतील हो, घोळ आहे तो शेवटच्या 3 किमीचा, कारण तिथे समुद्र आहे! आम्ही बेटासमोरच्या ॲबरडॅरन गावाला पोचलो तर वारा असा की होडी कॅन्सल, मग दीड दिवस नुसतं चहा पीत त्या बेटाच्या डोंगराकडे बघत बसलो. पूर्वीचे यात्रेकरूही असेच अडकायचे म्हणे, त्यांच्या जेवणाची जुनी जागा आता कॅफे आहे. बेटावर 20 हजार संत पुरलेत अशी श्रद्धा, आणि इथल्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, हा मध्ययुगीन हिशोब मला तरी फार आवडला.

वाटेत पिस्टिल गावातलं सेंट ब्यूनोचं चर्च मात्र चुकवू नका. एवढंसं, दगडी, सणासुदीला जमिनीवर लव्हाळे आणि सुगंधी पाला पसरतात, आत पाय टाकला की गोठ्यात नवं गवत घातल्यासारखा वास.

आणि होडी जवळच्या पोर्थ मेइद्वी या छोट्या खाडीतून सुटते, ॲबरडॅरनच्या बीचवरून नाही, आम्ही सॅक घेऊन पळालोय!