मदत हवी आहे: समोर सूर्य, शेकाट्या एकतर काळा ठिक्कर नाहीतर जळलेला

नमस्कार मंडळी, मी संकेश्वरकडचा. हिडकल धरणाचं पाणी ओसरायला लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि तिथं शेकाटे, तुताऱ्या, शराटी असे सगळे पाणपक्षी उतरतात, सकाळी नुसती जत्रा असते. कॅमेरा सेकंडहँड, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरवाला), लेन्स ७०-३०० मिमी, ३०० ला एफ ५.६, म्हणजे उजेड फार आत येत नाही.

अडचण अशी की आमच्या बाजूचा काठ पश्चिमेला, त्यामुळं सात-सव्वासातला सूर्य वर आला की थेट लेन्समध्ये. शेकाट्याचं अंग पांढरं, पंख काळे. कॅमेऱ्यावर सोडलं तर मागचं चमकणारं पाणी बघून तो सगळंच अंधारं करतो. एक्सपोजर प्लस एक (फोटो एक पायरी उजळ) दिलं तर पोट दिसतंय, पण पाठीच्या कडेची उन्हाची रेघ आणि पाणी जळून जातंय, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून) पण परत येत नाही. त्याआधी धुक्यात उजेड मऊ असतो, रंग झकास येतात, पण आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० करून पण शटर १/२०० च्या वर जाईना, आणि हा गडी चोच पाण्यात मारताना मान इतकी झटक्यात हलवतोय की पाय टाचणीसारखे शार्प आणि डोकं हललेलं.

पलीकडच्या काठाला जावा म्हणाल तर तिकडं ऊसतोड चालू आहे, ट्रॅक्टरची ये-जा, पक्षी थांबतच नाहीत. वर टिटवी! चिखलात गुडघा टेकायचा अवकाश, बोंबलत उठते आणि मागोमाग सगळा थवा. शेकाट्यापेक्षा मला तिचाच जास्त राग यायलाय. नवीन लेन्स घे सोडून काहीही सांगा.

निपाणीचा_बगळा: अण्णा, मॅन्युअलला या. पोटाचा जो भाग सावलीत आहे त्यावर स्पॉट मीटर (फक्त त्या ठिपक्याचा उजेड मोजणारा) धरा, प्लस एकच्या आसपास ठेवा आणि मग आकड्यांना हात लावू नका. पक्षी गडद पाण्यापुढं गेला काय नि उजळ पाण्यापुढं गेला काय, त्याच्या अंगावरचा उजेड तोच असतो, गंडतो तो कॅमेरा. ऊन चढेल तसं परत मीटर बघायचं. पाणी जळलं तर जळू दे. नाहीतर सरळ उलटं करा, मायनस दोन, सिल्हूट, म्हणजे पक्ष्याची नुसती काळी आकृती. एवढे लांब पाय दुसऱ्या कुणाचे आहेत ओ? फक्त पायावर पाय येऊ देऊ नका आणि चोच बाजूनं दिसू दे. आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधनं थेट सूर्याकडं बघू नका, डोळा जाईल.

घटप्रभा_काठ: संध्याकाळी जावा की! त्याच काठावर ऊन तुमच्या पाठीमागनं येईल.

संकेश्वरकर (धागाकर्ता): संध्याकाळी तिथं म्हशी असतात ओ, आणि माझी सेकंड शिफ्ट. सिल्हूट करून बघतो. धुक्यातल्या मानेचं काय?

निपाणीचा_बगळा: बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो. घास गिळताना मान क्षणभर थांबते, त्यात एखादा मिळतोच. आयएसओ ६४०० ला घाबरू नका, दाणे येतील पण ते कमी करता येतात, हललेलं डोकं करता येत नाही.

घटप्रभा_काठ: टिटवीसाठी एकच, उजाडायच्या आधी जाऊन आडवं व्हा आणि पक्ष्यांना तुमच्याकडं येऊ द्या. चालत गेलात की ती उठणारच. मार्चनंतर फारच ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर मात्र लगेच मागं फिरा. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, मातीच्याच रंगाची, पाय पडला तरी कळत नाही.

संकेश्वरकर: हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आडवं व्हायचं तर लेन्स टेकवायला बीनबॅग (भरलेली पिशवी) शिवून घेतो, आत तांदूळ चालतील का?

निपाणीचा_बगळा: चालतात, पण चिखलात भिजले की वास मारायला लागतात. थर्माकोलच्या गोळ्या नको, लेन्स डुगडुगते. हरभरा भरा आणि आतनं प्लास्टिकची पिशवी लावा.