मदत हवी आहे : स्वतःची 'छाया' ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी. वर्षभर स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग वाचतेय. १९१३ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापासून दूर झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच मनात उठणाऱ्या प्रतिमांशी संवाद सुरू केला, हे फार भिडलं. त्यांचा 'मुखवटा', म्हणजे लोकांसमोर आपण धारण करतो ते रूप, कळलं. अडते ती छायेपाशी. आपण स्वतःत नाकारलेलं सगळं तिथे साठतं आणि मग दुसऱ्यांमध्ये दिसू लागतं, म्हणे. बहिणीचा हट्टीपणा मला असह्य होतो, आणि परवा स्वप्नात मीच तिच्या आवाजात भांडत होते! तेव्हापासून अस्वस्थ आहे. हा माझाच हट्ट असेल, की तिचा स्वभाव खरंच तसा आहे? की दोन्ही खरं? स्वप्नांची वही ठेवणाऱ्यांनी हा फरक कसा ओळखला, कृपया सांगा. आणि मार्गदर्शकाशिवाय एकटीने किती खोल जावं?