मदत हवी आहे: ३ वर्षांच्या मुलाला आधी गॅसने भूल, मग सलाईनची सुई. कोणाचा अनुभव?

नमस्कार, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा ३ वर्षांचा, पुढच्या गुरुवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. पण खरं सांगू, ऑपरेशनपेक्षा मला त्या सुईचंच टेन्शन आलंय. पावसाळ्यात जुलाब झाले म्हणून ॲडमिट केलेलं तेव्हा शीरच सापडेना, दोन्ही हात झाले, पाय झाला, पाचव्यांदा लागली आणि तोवर मी त्याचे पाय घट्ट धरून उभी. अजूनही पांढरा कोट दिसला की दोन्ही मुठी काखेत घालतो.

काल भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या आधी मास्कने सेव्होफ्लुरेन हा भुलेचा गॅस देऊ, त्याचा वास उग्र नसतो, एकदोन मिनिटांत झोपेल, इंट्राकॅथ (सलाईनची सुई) नंतर लावू, त्याला कळणारही नाही. ऐकून बरं वाटलं, पण घरी सासूबाई म्हणतात गॅसने डोक्यावर परिणाम होतो. खरंय का? मास्कला मूल फार घाबरतं का? आणि परवापासून नाक वाहतंय, सांगितलं तर तारीख पुढे जाईल का?

प्रतिसाद:
ताई, नाक वाहतंय ते आजच फोन करून सांगा, तारीख गेली तरी चालेल. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, भुलेत घसा एकदम आवळू शकतो, त्यामुळे ताप-कफ असेल तर दोन ते चार आठवडे थांबवतात. फक्त फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या झाल्या तर थांबू नका, लगेच न्या.

सासूबाईंना सांगा, हर्नियाच्याच ऑपरेशनवर ७ देशांत अभ्यास झालाय, ७२२ तान्ही बाळं, काहींना सेव्होफ्लुरेन, काहींना जागेपणी फक्त कमरेखाली भूल. पाचव्या वर्षी बुद्धी तपासली तर फरक नव्हता, २०१९ मध्ये छापून आलं. अर्थात तिथे भूल तासाभराचीच होती.

माझ्या मुलीला आम्ही आठवडाभर घरी मास्क लावून फुगा फुगवायला शिकवलं, मग ऑपरेशनच्या वेळी तिने मास्क स्वतः हाताने धरला. मी आत थांबलो होतो, पण हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही, आधीच विचारा. दूध-जेवण ६ तास बंद असतं, पण साधं पाणी बहुतेक २ तास आधीपर्यंत देऊ देतात, तेही विचारून घ्या, उगाच रात्रभर कोरडं ठेवू नका. आणि सध्या थंडी आहे, हातमोजे घालून न्या, हात गार असले की शिरा आत जातात. उठल्यावर पंधरावीस मिनिटं वेड्यासारखी रडली, आईलाही ओळखेना, या गॅसनंतर असं होतं, घाबरू नका.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. आत्ताच फोन केला, उद्या तपासायला बोलावलंय. मास्क आणायला मेडिकलमध्ये निघालेय.