जाळी लहान चालेल, बर्नर मात्र दोन हवेत

दोन-तीन माणसांना एका बर्नरचा गॅस बार्बेक्यू पुरतो असं कुणी म्हटलं, तर ते जाळीच्या आकारापुरतं पटतं. पण नुसती माणसं मोजून थांबू नका. चिकनची तंगडी थेट आचेवर ठेवली की वरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. दोन बर्नर असले की आधी पेटत्या बाजूला रंग आणायचा, मग तुकडे बंद बर्नरच्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. आतपर्यंत छान शिजतात. चरबी ठिबकून भडका उडाला तरी सरकवायला जागा असते. एका बर्नरवर ही सोय फारशी मिळत नाही. तेव्हा दोन्ही बर्नरना वेगवेगळे नॉब आहेत ना, हे आधी बघा.

बीटीयूच्या (उष्णता मोजायचं एकक) मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. गॅस किती जळतो एवढंच तो सांगतो. त्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागा. दर चौरस इंचाला ८० ते १०० आलं तर भरपूर आहे. आणि झाकण खोलगट असू द्या, सपाट झाकणाखाली अख्खी कोंबडी बसतच नाही.