चर्चा: स्तनाच्या कर्करोगासाठी जमवलेली देणगी नेमकी कुठे खर्चावी?

कृष्णाकाठची

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते. आमच्याकडे यावरून दोन जुन्या मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात.

गल्लीतल्या भिशीच्या बायकांनी गौरी-गणपतीपासून थोडे थोडे करून ८६,००० रुपये जमवले. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन व्हायचं आहे किंवा झालं आहे अशा बायकांसाठी ते खर्चायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे फाटे फुटले. काहींना ऑक्टोबरात तपासणी शिबिर घ्यायचं आहे. काहींचं म्हणणं, एखादी गरजू बाई शोधून तिला कार्यक्रमात चेक द्यावा. माझं मत दोन्हींपेक्षा वेगळं आहे, म्हणून इथे विचारते आहे.

चार वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. आमचं केशरी कार्ड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसले, ऑपरेशनला एक रुपया लागला नाही, आणि त्या योजनेचे उपकार मी विसरणार नाही. पण दर २१ दिवसांनी केमोला कराडहून मुंबई, सोबत नवरा, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर चादर अंथरून बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं.

ऑपरेशननंतर बगलेखालून दोन नळ्या आणि त्यांना लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन सोडलं. रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं, कमी झालं की नळ्या काढणार. पण त्या बाटल्या धरायच्या कुठे? साडीला खिसा नाही, गाऊनला नाही. नवऱ्याने बाजाराची नायलॉनची पिशवी गळ्यात अडकवून दिली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ताई, पिशवी खाली ठेवा." खाली कशी ठेवणार, नळी माझ्या अंगात होती. सगळ्या गाडीसमोर ते सांगावं लागलं.

जखम भरल्यावर ब्लाउजची डावी बाजू रिकामी. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हजारांच्या घरात. मी मुलाच्या पायमोज्यात मोहरी भरून पुरचुंडी केली. मोहरी अशासाठी की वजन येतं. नुसता कापूस भरला की ब्रा त्या बाजूने वर चढते आणि पदराआडून सारखी खाली ओढावी लागते. उन्हाळ्यात घामाने त्या मोहरीला वास यायला लागला. आठ महिने मी तशीच वावरले.

याच काळात एका मंडळाने (नाव घेत नाही) मला स्टेजवर बोलावून ५,००० रुपयांचा चेक दिला. फोटो काढला, खाली लिहिलं "कॅन्सरग्रस्त महिलेस मदत". तो गावभर फिरला. माझ्या नववीतल्या मुलीला वर्गात विचारलं, तुझ्या आईचं काय कापलं? ते पैसे मी घेतले, मला हवेच होते. पण त्या दिवसानंतर मुलगी दोन आठवडे शाळेत गेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. योजनेच्या कागदावर येत नाही तिथे आपला पैसा जावा: प्रवास, राहणं, बाटल्यांची पिशवी, ब्रात घालायचा धाग्याने विणलेला स्तन, ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या सुजेवर घालायची दाबाची बाही. आणि फोटो नाही, स्टेज नाही, कहाणी सांगायला लावणं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

नगरचा_वाटसरू

ताई, वाचताना गलबलून आलं. तरी असहमत, आणि मोकळेपणाने लिहितो.

२०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि ९८ हजारांवर मृत्यूंची जागतिक अंदाजात नोंद आहे. आपल्याकडे इतक्या बायका जातात याचं मोठं कारण उशीर. माझी आई त्यांतली एक. गाठ संत्र्याएवढी झाली, वरची कातडी फुटली, तेव्हा तिने पहिल्यांदा वहिनीला दाखवली. कारण काय, तर दुखत नव्हती. तिला ना पिशवी लागली ना बाही. त्या टप्प्यापर्यंत ती पोचलीच नाही.

टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. एवढी स्वस्त गोष्ट हाताशी असताना ८६,००० रुपये लोकर आणि कापडात घालायचे? आधी जीव, मग बाकीचं.

---

सुई_दोरा

कृष्णाकाठची ताई, पूर्ण सहमत. मी पाच वर्षं असे स्तन विणते आहे.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. मऊ सुती धाग्याने क्रोशावर गोल विणत जायचं. मधोमध छोटी गुंडी येते. आत फायबरचा कापूस. मागच्या बाजूला आवळायचा दोरा ठेवला की दुसऱ्या बाजूच्या मापाप्रमाणे बाई स्वतःच कापूस कमी-जास्त करते. धुता येतो, घाम शोषतो, व्रणाला टोचत नाही. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर ही चळवळ उभी केली, आपल्याकडेही स्वयंसेविका विणून फुकट देतात. वजनाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी मी आतल्या बाजूला वेगळ्या कप्प्यात गुळगुळीत काचेचे मणी घालते. मोहरीसारखा वास येत नाही.

वाटसरू दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण "लोकर आणि कापड" असं म्हणू नका हो. मागच्या वर्षी एका मुलीच्या हातात मी तो ठेवला. तिने ब्रात घातला, आरशासमोर पदर नीट केला आणि म्हणाली, आता भाजीला मी स्वतः जाईन. सहा महिने ती घराबाहेर पडली नव्हती.

---

हिशेबनीस

एका छोट्या ट्रस्टचं दफ्तर मी बारा वर्षं सांभाळतो, त्यामुळे थोडं कडू वाटेल असं लिहितो.

फोटो नको हे मान्य. पण "कहाणी नको" म्हणता म्हणता कागदही नको असं झालं, की गोंधळ होतो. आमच्याकडे एकाच बाईच्या नावाने दोन वेगळी माणसं येऊन पैसे घेऊन गेली आहेत. एकदा तर रिपोर्ट दुसऱ्याचाच, वरचं नाव खोडून लिहिलेलं. देणगीदार पुढच्या वर्षी विचारतो, माझ्या दोन हजारांचं काय केलंत? त्याला दाखवायला काही नसेल तर तो देणं थांबवतो आणि तुमच्यानंतरच्या बाईला काहीच मिळत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, हॉस्पिटलची फाईल एवढं मागितलंच पाहिजे.

आणि एक. पैसे वाटण्याआधी हक्काचं आहे ते मिळवून द्या. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने ही योजना २००६ मध्ये घालून दिली आहे. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून आणावा लागतो, आणि तो मागायचा असतो हेच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. तुमच्या भिशीतली एक लिहिती-वाचती बाई आठवड्यातून एक दिवस फॉर्म भरून द्यायला बसली, तर त्याची किंमत ८६,००० पेक्षा जास्त होईल.

---

अपर्णा_न्यूजर्सी

मला विणलेल्या स्तनाबद्दलच शंका आहे. माझी दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली. इथे अमेरिकेत १९९८ च्या कायद्यामुळे स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीला पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचा खर्चही द्यावा लागतो. मला सगळं मिळत होतं, मी काहीच घेतलं नाही. सपाट छातीने राहते, पोहायला जाते. आपण मदत म्हणून बायकांच्या हातात हे ठेवतो तेव्हा "तू आता अपुरी आहेस, हे झाकून घे" असं तर सांगत नाही ना? त्यापेक्षा झाकू नये असं वातावरण करा.

---

सुई_दोरा

अपर्णा, तुमचं धाडस मोठं आहे, मनापासून म्हणते. पण लपवणं किंवा न लपवणं हे दोन्ही तिने ठरवायचं ना? तुम्हाला मिळत होतं आणि तुम्ही नाही म्हणालात. जिला मिळतच नाही तिने नाही कसं म्हणायचं?

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

अपर्णाताई, मी विणलेला स्तन घरात घालत नाही. शेतात घालत नाही. लग्नाकार्यात घालते, एसटीत घालते, कारण तिथे लोकांची नजर आधी तोंडाकडे जावी असं मला वाटतं. हे उद्या बदलेलही.

हिशेबनीस दादा, कागद मागा, माझी ना नाही. पण ते कागद कोण बघणार? मला फाईल मंडळाच्या अकरा जणांसमोर टेबलावर ठेवायला लावली होती, आणि त्यातला एक माझा चुलत दीर. एका बाईने बघावेत, तिनेच सही करावी, हिशेबात नावाऐवजी नंबर लिहावा. दोन हजार देणाऱ्याला पावती दाखवा, "तीन जणींचा प्रवास, चार बाह्या" असं सांगा. तिचा चेहरा त्याला कशाला हवा?

वाटसरू दादा, तुमच्या आईंसमोर मी काही बोलू शकत नाही. एवढंच सांगते की मलाही गाठ लागली होती आणि मी पाच महिने गप्प बसले. माहीत नव्हतं म्हणून नाही. शेजारच्या आळीतल्या बाईचं ऑपरेशन झाल्यावर तिचं काय झालं ते मी पाहिलं होतं. नवऱ्याने माहेरी पाठवली, डाव्या हाताच्या बांगड्या सुजेमुळे कापून काढाव्या लागल्या, आणि लोक म्हणायचे बघा, चुडासुद्धा उतरला. दाखवायला गेले तर आपलंही असंच होणार, ही भीती होती. ती बाई धड चालती-फिरती दिसली असती तर मी लवकर गेले असते.

---

शल्य_सातारा

मी सर्जन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात वजनदार आहे.

गाठ लहान असेल तर बहुतेकींचा स्तन वाचवता येतो. फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचा. इटलीत मिलानमध्ये वेरोनेसी या सर्जननी लहान गाठीच्या ७०१ बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. २००२ मध्ये छापून आलं की पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या, दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच. पण स्तन वाचवला की पुढे रेडिएशन बहुधा घ्यावंच लागतं. आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. प्रत्यक्ष मशीनवर काही मिनिटं, पण रोज.

माझ्यासमोर बाई बसते. मी सांगतो, तुमचा स्तन वाचेल. ती विचारते, किती दिवस यावं लागेल? मी सांगतो. ती नवऱ्याकडे बघते, नवरा खाली बघतो, आणि ती म्हणते, काढूनच टाका डॉक्टर, एकदाच काय ते. योजना ऑपरेशनचा खर्च देते, रेडिएशनचाही देते. पण पाच आठवडे ती राहणार कुठे, घरच्या म्हशीचं दूध कोण काढणार, लहान पोर कुणाकडे, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. अशा किती जणींचे स्तन मी केवळ मुक्कामाच्या अडचणीपायी काढले असतील, याचा विचार रात्री येतो.

तुमच्या ८६,००० मध्ये रेडिएशन केंद्राजवळ एक खोली काही महिने भाड्याने घ्या. दोन खाटा, एक गॅस. त्यातून दोन-चार जणींचे स्तन वाचतील. त्यांना विणलेला लागणारच नाही.

वाटसरूंना: हाताने तपासण्याचा अभ्यास पक्का आहे. पण तिथे शिकलेल्या सेविका होत्या आणि दर दोन वर्षांनी त्याच बायकांकडे पुन्हा जात होत्या. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं त्यातही दिसलं नाही. एका रविवारी मांडव घालून दोनशे जणी तपासल्या, सापडलेल्या गाठीची बायोप्सी कोण करणार हे ठरलेलं नाही, तर त्या शिबिराने फोटोपलीकडे काही होत नाही.

---

नगरचा_वाटसरू

डॉक्टर, एका रविवारच्या शिबिराबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. पण म्हणून तपासणी सोडायची नाही, नीट करायची. आशाताई घरोघर जातातच. त्यांच्यातल्या चौघींना तुमच्यासारख्याने दोन दिवस शिकवलं तर? मी माझं मत बदललेलं नाही, खोलीनंतर उरेल त्यातले काही पैसे याला द्या एवढंच म्हणतो.

आणि कृष्णाकाठची ताई, तुमची पाच महिन्यांची गोष्ट. आई का गप्प बसली असेल याचं मला कधी असं उत्तर सुचलं नव्हतं.

---

हिशेबनीस

नंबर टाकून हिशेब ठेवायची पद्धत चालेल. लेखापरीक्षकाला मूळ फाईल एकदा दाखवावी लागेल, तेवढं धरून चला. खोलीचा भाडेकरार मात्र कुणा एकीच्या नावावर करू नका, पुढे भांडणं होतात. मी स्वतः मसुदा करून देतो, व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

कृष्णाकाठची

डॉक्टरसाहेब, खोलीचं मला सुचलंच नव्हतं, आणि मी स्वतः धर्मशाळेत राहून आलेली! उद्या भिशीत हे सगळं वाचून दाखवते. मी आधी खोली मागणार. फोटोच्या बाबतीत मात्र मागे हटणार नाही.

---

नवीन_सदस्य_पलूस

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या जाऊबाईंचं ऑपरेशन गुरुवारी आहे. त्या बाटल्यांची पिशवी मला शिवता येईल, मशीन आहे. माप कुणी सांगेल का?

---

सुई_दोरा

सांगते की. जुनी धुतलेली सुती साडी घ्या, नवं कापड टोचतं. दोन कप्पे, प्रत्येकी वीतभर खोल आणि चार बोटं रुंद, म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटणार नाहीत. बंद खांद्यावरून तिरका घ्यायचा, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या विरुद्ध खांद्यावर. गाठ मारायची सोय ठेवा, लांबी आत्ता पक्की शिवू नका. नळी ताणली जाऊ नये, तिला बसवून बघूनच ठरवा. आणि दोन शिवा, एक धुवायला जाते. कोणत्या बाजूचं आहे, डावी की उजवी?