योनिपटल शिवण्याच्या शस्त्रक्रियेवर आपल्याकडेही बंदी हवी का?

शर्मिला (मूळ प्रस्ताव)
ब्रिटनने 2022 मध्ये कौमार्य चाचणी आणि फाटलेले योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे हायमेनोप्लास्टी, हे दोन्ही गुन्हे ठरवले. स्त्रीची संमती असली, तरी डॉक्टरला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडेही अशी बंदी हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. योनिपटल पाहून कोणाही स्त्रीचा पूर्वेतिहास सांगता येत नाही आणि पहिल्या संबंधात अनेकींना रक्तस्राव होतच नाही, हे डॉक्टरांना पुरते ठाऊक असते. तरीही ते टाके घालून पैसे घेतात, तेव्हा ते एका खोट्या समजुतीवर आपल्या पदवीचा शिक्का मारतात.

देविका
शर्मिलाताई, समजूत खोटी आहे हे मान्य. पण ती खोटी असल्यामुळे मुलीचा मार थोडाच चुकतो? कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री रक्ताचा डाग पडतो का हे पाहण्यासाठी पांढरी चादर अंथरली जाते आणि सकाळी पंच नवऱ्या मुलाकडून निकाल ऐकतात. 2018 मध्ये त्याच समाजातील तरुणांनी याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा पिंपरीत त्यांना मारहाण झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात 2016 चा कायदा आहे, तरीही पंचांसमोर उभे राहणे किती अवघड असते, ते यावरून दिसते. चादर आणि जातपंचायत जागच्या जागी असताना तिच्या हातातला एकच उपाय काढून घ्यायचा, याला मी सुधारणा म्हणणार नाही. आधी चादर अंथरणाऱ्यांना शिक्षा होऊ द्या.

शर्मिला
देविका, तो उपाय तरी खात्रीचा आहे का? टाके घातल्यावरही रक्त येईलच असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. आले नाही, तर त्या मुलीने कोणाकडे दाद मागायची? शिवाय अशा प्रत्येक टाक्याने चादरीची साक्षच खरी ठरते, आणि पुढच्या मुलीला त्या चादरीसमोर उभे करणे पंचांना अधिक सोपे जाते.

सुनंदा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि मला भीती वेगळीच वाटते. जननेंद्रियांची शस्त्रक्रिया म्हटली की सगळे एकाच पारड्यात टाकले जाते. बाळंतपणात फाटलेला भाग नीट शिवणे किंवा अंग बाहेर आलेल्या, म्हणजे गर्भाशय खाली सरकलेल्या, बाईला बरे करणे हे उपचार आहेत. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेल्या डॉ. शिरोडकरांनी मुंबईत काम करताना तरुण स्त्रियांच्या अंग बाहेर येण्यावर गर्भाशय न काढता करायची शस्त्रक्रिया रूढ केली. आमच्याकडे मात्र वर्षानुवर्षे अंग बाहेर आलेले सोसून, लाजेपोटी फार उशिरा बायका येतात. 'त्या जागेच्या ऑपरेशनवर बंदी आली' एवढेच कानावर पडले, तर त्या आणखी लांब राहतील. म्हणून कायदा केलाच, तर त्यात त्या एका शस्त्रक्रियेचे नेमके वर्णन असावे. जाहिरातींसाठी तर नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे हे वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसारही गैरच आहे.

देविका
सुनंदाताई, जाहिरातींवर कारवाई आजच व्हावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु लग्न आठ दिवसांवर आलेली मुलगी आपल्या दवाखान्यात रडत आली, तर आपण तिला काय सांगाल?

सुनंदा
आईला आणि मावशीला बाहेर बसवून आधी तिच्याशी एकटीशी बोलेन. टाके घालणार नाही. पण तिच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर तिला घरी परत पाठवणारही नाही.