'दार उघडलं', पण कुणी? इंग्रजी व्याकरण कथा लिहिणाऱ्याच्या कामाचं आहे का?

नवीपेठवाली

मी मराठीत कथा लिहिते, वीसेक वर्षं झाली, दिवाळी अंकांत काही छापून आल्यात. इंग्रजीशी माझं नातं एवढंच की बारावीला सुटले. शाळेत व्याकरण म्हणजे 'चेंज द व्हॉइस', राम आंबा खातो त्याचं आंबा रामाकडून खाल्ला जातो असं उलटं करायचं, बाय लावायचा, दोन मार्क घ्यायचे. असं वाक्य कुणी कधी आणि का बोलेल हे एकाही बाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात, दुपारचं बाहेर पडायची सोय नाही म्हणून, माझीच एक जुनी कथा इंग्रजीत करायला बसले. विड्या वळणारी बाई आहे, एकटी राहते, नवरा सोडून गेलाय. कथेच्या मध्यावर रात्रीचा प्रसंग आहे, तिथं मी लिहिलंय:

'कडी वाजली नाही. दार उघडलं. ती कूस न बदलता पडून राहिली.'

त्या मधल्या दोन शब्दांवर मी तीन दिवस अडकले. 'द डोअर ओपन्ड' लिहिलं तर दार आपणहून उघडलं, वारा म्हणा काहीही म्हणा. 'ही ओपन्ड द डोअर' म्हटलं की पुरुष आला, 'शी' म्हटलं की बाई. 'समवन' लिहिलं तर कोण ते माहीत नाही पण माणूसच आहे हे सांगून टाकलं. आणि 'द डोअर वॉज ओपन्ड' म्हणजे उघडलंय कुणीतरी, फक्त त्याचं नाव मी घेत नाही. मराठीत 'उघडलं' हे दाराशी जुळतं, उघडणाऱ्याशी नाही, त्यामुळं उघडणारा गाळला तरी वाक्य कुठं लंगडत नाही. बारा वर्षांपूर्वी छापून आलेली कथा, लोकांनी पत्रं पाठवलेली, आणि दार कुणी उघडलं हे मला स्वतःला माहीत नाही हे मला त्या दुपारी कळलं.

मग भाचीचं रेन अँड मार्टिन, म्हणजे शाळेतलं ते इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक, मागून घेतलं आणि व्हॉइसचा धडा पहिल्यांदा कथालेखक म्हणून वाचला. अक्षरशः झोप उडाली. कुणाला पुढं आणायचं, कुणाला झाकायचं, कुणाचं नाव शेवटपर्यंत दाबून धरायचं, हे सगळं कथेचंच काम आहे की! नंतर कळलं की त्यातला रेन म्हणजे पी. सी. रेन स्वतः कादंबरीकार होता, इकडं इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये नोकरी केलेला, १९२४ साली त्याची 'ब्यू जेस्ट' आली आणि ती गाजली. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर मी त्या पुस्तकाकडं वेगळ्या डोळ्यांनी बघितलं असतं.

माझं म्हणणं असं की मराठीत लिहिणाऱ्यानंही इंग्रजी व्याकरण मन लावून शिकावं, इंग्रजीत लिहायचं नसलं तरी. तुम्हाला काय वाटतं?

शेंगाचटणी

ताई, मला अजिबात पटलं नाही, स्पष्ट बोलतो राग मानू नका. तुमच्या त्या दोन शब्दांतच ती कथा आहे. ती बाई पडून आहे, तिलाही माहीत नाही कोण आलंय, नवरा असेल, चोर असेल, नुसता वारा असेल, आणि वाचक तिच्या शेजारी त्याच अंधारात पडलाय. मराठीनं तुम्हाला ते फुकट दिलं होतं, आणि इंग्रजीनं तुम्हाला चौकीत बसवून जबाब घेतला, कोण होतं, बाई का पुरुष, सांगा. तुम्ही जबाब दिलात आणि वर आभार मानताय!

आणि हे बारकावे आपल्याकडं नाहीत असं कुणी सांगितलं? माझी आजी एक इयत्ता शिकली नाही. दारात कुणी आजोबांना विचारलं तर ती 'बाहेर गेलेत' असंच म्हणायची, 'गेले' कधीच म्हणायची नाही, आम्ही पोरं चुकून म्हणालो तर पाठीत धपाटा. 'गेले' म्हणजे संपलं, 'गेलेत' म्हणजे परत येणार आहेत. इंग्रजीवाले 'हॅज गॉन' आणि 'वेंट' यावर वर्षभर पोरांना दमवतात, आजीला ते चुलीपुढं बसून येत होतं.

नवीपेठवाली

राग कसला, आजीचं उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. पण मला ते 'गेले' आणि 'गेलेत' आजपर्यंत वेगळं काढून दिसलं नव्हतं हो. बोलत होते, दिसत नव्हतं. परफेक्ट टेन्सचा धडा वाचला तेव्हा दिसलं, आणि मग माझ्या जुन्या कथा काढून बघितल्या तर अर्ध्या ठिकाणी मी 'आला होता, गेला होता, बसला होता' असं सगळं एका रांगेत लावून ठेवलंय, कारण नसताना.

आणि जबाब मी दिला नाही. शेवटी 'द डोअर ओपन्ड' हेच ठेवलं, मराठीतही अक्षर बदललं नाही. पण आधी ती धूसरता माझ्या हातून आपसूक झाली होती, आता ती मी पाचातून निवडलीय. मला हा फरक फार मोठा वाटतो.

निवृत्त मास्तर

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, जिल्ह्यात आणि शहरात. ताईंनी 'कुणी सांगितलं नाही' लिहिलंय ते खरं आहे, आम्ही सांगितलं नाही. पोर्शन संपवायचा असायचा.

पण शेंगाचटणी यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, तो पुढं नेतो. सगळे म्हणतात मराठीत 'अ' आणि 'द' नाही म्हणून पोरं चुकतात. शब्द नाहीत, पण कामं आहेत. 'दारात माणूस उभा होता' आणि 'माणूस दारात उभा होता' ही दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यात माणूस नवीन आहे, कोण कुठला माहीत नाही. दुसऱ्यात तो माणूस आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. नुसती जागा बदलली. इंग्रजी तिथं 'अ मॅन' आणि 'द मॅन' करणार. दुसरं घ्या, 'मुलगी बघायला गेलो' म्हणजे स्थळ बघायला, कांदेपोहे खायला. 'मुलीला बघायला गेलो' म्हणजे ती दवाखान्यात ॲडमिट आहे. एका 'ला'नं एवढा फरक! हे मी वर्गात शेवटच्या दहा वर्षांत सांगायला लागलो आणि तेव्हापासून पोरांना आर्टिकल समजायला लागली, ही माझी खंत समजा की आधी का सुचलं नाही.

माझा विरोध एवढाच की उलटीकडून का जायचं? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं आहे, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. कर्तरी, कर्मणी, भावे, सगळं आहे त्यात. ताईंचं 'उघडलं' दाराशी का जुळतं ते कर्मणीच्या प्रकरणात वाचायला मिळेल. लेखकांनी आधी ते उघडावं.

नवीपेठवाली

मास्तर, दामले मी आजच वाचनालयातून मागवते. पण एक सांगते, मराठी व्याकरण मला मुळातून कधीच नवं वाटलं नसतं, कारण त्यात मी पोहतेय. परक्या घरात गेल्यावरच आपल्याला दिसतं की यांच्याकडं चपला आत काढतात. आणि परकं म्हणाल तर ज्या स्वल्पविरामावर आपण सगळे लिहितो तोसुद्धा तिकडूनच आलाय, मराठीत विरामचिन्हं रुजवली ती मेजर कँडी या इंग्रजानं.

जुनीगिरणी

मला वाटतं सगळेजण इंग्रजी व्याकरणाला फार मान देताय. त्यातले निम्मे नियम लोकांनी हौसेनं बसवलेले आहेत. वाक्य प्रेपोझिशननं, म्हणजे 'टू', 'ऑफ', 'विथ' असल्या शब्दानं, संपवू नये म्हणतात ना, तर कवी जॉन ड्रायडननं १६७२ साली आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या वाक्यांवर बोट ठेवलं, तिथून ते खूळ पसरलं. मग १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथनं व्याकरण लिहिलं, त्यातही गंभीर लेखनात हे शोभत नाही असं आलं, आणि गंमत म्हणजे ही आपल्या भाषेची खोड आहे असं सांगतानाचं त्याचं स्वतःचं वाक्य 'टू' या शब्दावर संपतं. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये हा नियम तर एकोणिसाव्या शतकात बोकाळला. आणि आमच्या पिढीनं ह्याच्यासाठी छड्या खाल्ल्या.

कथालेखकाला ह्यातलं काय उपयोगी आहे? कान चांगला पाहिजे, बास. व्याकरण मोजत बसलं की हात थांबतो.

नवीपेठवाली

तुम्ही सांगताय ते शिष्टाचाराचे नियम आहेत, ते गेले तरी मला दुःख नाही. 'ओपन्ड' आणि 'वॉज ओपन्ड' यातला फरक ड्रायडननं बसवलेला नाही, तो भाषेच्या हाडात आहे. मी त्याच्या प्रेमात पडलेय.

आणि हात थांबतो हे खरंय. तीन दिवस थांबला होता. थांबायलाच हवा होता.

पूर्वभाग

सगळं वाचलं, आता माझं ऐका. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, शाळा मराठी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर मी बाहेर पडलो होतो. म्हणजे माझ्यासाठी मराठीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी, आणि आठवीत मी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणालो तर सरांनी मला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं, वर्ग हसत होता. ते वाक्य चूक का, हे त्या दिवशीही सांगितलं नाही. नंतर पुण्यात पहिल्या इंटरव्ह्यूला गेलो, तोंडच उघडलं नाही माझं, येत होतं ते पण आलं नाही.

तुम्ही चाळिशीनंतर आवडीनं त्या पुस्तकाकडं गेलात, छान वाटलं वाचून, खरंच. पण आमच्यातल्या किती जणांसाठी ते व्याकरण म्हणजे गेटवरचा वॉचमन होता, कोणाला आत सोडायचं कोणाला नाही हे ठरवणारा. त्याचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवा.

आणि हे फक्त इंग्रजीचं नाही. पुण्यात आमच्या 'काय करूलालास', 'जाऊलालो' वर पण हसायचे, मराठीच बोलत होतो तरी. आता विचार केला तर 'जाऊलालो' हे 'आय ॲम गोइंग' ला किती नेमकं बसतं, पण तेव्हा लाज वाटायची.

आता मी टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात बसतो, दिवसभर इंग्रजी मेल. एकदा ऑर्डर आली, 'व्हाइट अँड ब्लू टॉवेल्स, ५०० पीसेस'. आम्ही दोन्ही रंग मिळून ५०० पाठवले, त्यांना प्रत्येक रंगाचे ५०० पाहिजे होते. 'ईच' हा एक शब्द नव्हता. तेव्हापासून मी मेल तीनदा वाचतो. म्हणजे व्याकरण कामाचं नाही असं मी म्हणत नाही, जुनीगिरणी. पण प्रेम वगैरे मला जमणार नाही.

शेंगाचटणी

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. 'जाऊलालो' वर माझंही हसं झालंय, मुंबईला.

निवृत्त मास्तर

पूर्वभाग, बाकावर उभं करणारा मी नव्हतो, पण मीही दुसऱ्या पोरांना केलंय. 'हॅव' मालकीच्या अर्थानं आला की ती चालू क्रिया नसते, स्थिती असते, भाऊ असणं हे काम चालू नसतं, म्हणून तिथं 'आयएनजी' लागत नाही. 'हॅविंग लंच' चालतं कारण जेवण चालू असतं. दोन मिनिटांची गोष्ट होती, तेव्हाच सांगायला पाहिजे होती.

पूर्वभाग

सर, तीस वर्षांनी कळलं. धन्यवाद.

ताई, एक सांगायचं राहिलं. काल रात्री तुमची ती तीन वाक्यं आईला वाचून दाखवली, म्हणजे तेलुगूत सांगायला गेलो, आणि मीच अडकलो. आमच्यात दार आपणहून उघडलं तर 'तलुपु तेरुचुकुंदि', बाईनं उघडलं तर 'तेरिचिंदि', गड्यानं उघडलं तर 'तेरिचाडु'. ठरवल्याशिवाय तोंडातून वाक्यच निघेना. म्हणजे त्यासाठी इंग्रजीपर्यंत जायचं कारण नव्हतं, आमच्या अशोक चौकापर्यंत आला असता तरी झालं असतं.

नवीपेठवाली

अंगावर काटा आला वाचून. जन्म सोलापुरात गेला, शेजारी तेलुगू बोलत होते, आणि मी कधी कान दिला नाही. मग आईंना काय सांगितलंत, कुठलं वाक्य?

पूर्वभाग

मी 'तेरुचुकुंदि' म्हणालो, तुमच्या इंग्रजीसारखं. आई म्हणाली नाही, 'तेरिचिंदि'. म्हणे बाईच असणार, आमच्या वाड्यात गड्यानं दार उघडलं आणि कडी वाजली नाही असं कधी झालंच नाही.